न देखिलेले सुहृद्

संस्कृत भाषेंत स्नेह्यासाठीं जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या नात्यांच्या वांट्याला क्वचित् आले असतील. मित्र, सखा, वयस्य, बंधु, सुहृद् – शब्द पुष्कळ आणि प्रत्येकाची छटा निराळी. समान वयाचा तो वयस्य. बंधु म्हटला कीं नात्याची गांठ आली. 'सुहृद्' या शब्दांत मात्र वय नाहीं, कुळ नाहीं, गांव नाहीं. फार काय, सहवासहि नाहीं. ज्याचें हृदय चांगलें तो सुहृद्, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पाणिनीनें या शब्दाच्या सिद्धीसाठीं निराळें सूत्र घातलें आणि त्याचा अर्थ मित्र असा नेमून दिला. ज्याला आपण डोळ्यांनीं कधींच पाहिलें नाहीं, असा मनुष्य सुहृद् होऊं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या सूत्रकारापुढें नव्हता. आज तो आपल्या बहुतेक घरांत उभा आहे.

नातू रात्रीं अकरा वाजतां कानाला यंत्र लावून संगणकापुढें बसलेला असतो. मध्येंच हंसतो, मध्येंच कोणाची तरी समजूत घालतो. आजोबा विचारतात, "कोण रे तो?" उत्तर येतें, "मित्र." "कोठला?" "नक्की ठाऊक नाहीं, बहुधा पोलंडचा." आजोबा कपाळाला आठी घालून आंत जातात. ज्याचें गांव ठाऊक नाहीं, घराणें ठाऊक नाहीं, ज्याचें तोंडहि पाहिलेलें नाहीं, तो मित्र कसला? संकटसमयीं असला मित्र कोणत्या दाराने येणार? शंका रास्त आहे. ती कोठल्याहि वडीलधाऱ्या माणसाला यावी अशीच आहे. परंतु शंकेचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां एखाद्या घडलेल्या गोष्टीवरून शोधावें हें बरें. नॉर्वे देशांत अशी एक गोष्ट घडली. तिची हकीकत आतां जगभर सर्वश्रुत झाली आहे. ती येथें थोडक्यांत, पण नीट सांगावयाची आहे.

रोगाचें स्वरूप

ऑस्लो ही नॉर्वेची राजधानी. तेथें रॉबर्ट आणि त्रुदे स्टीन या दांपत्याला १९८९ सालीं मुलगा झाला. त्याचें नांव मात्स. मूल गोंडस, हुशार. परंतु चालूं लागल्यावर वरचेवर पडे. झोपाळ्यावरून पडे, धांवतांना पडे, इतर मुलें जेथें सहज चढत तेथें हा अडे. १९९३ सालीं डॉक्टरांनीं निदान केलें. त्याला 'डुशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी' नांवाचा स्नायूंचा रोग होता.

हा रोग आपल्याकडील कुटुंबांतहि आढळतो, म्हणून त्याविषयीं चार शब्द अधिक लिहिले तर अस्थानीं होणार नाहीं. डुशेन हे एकोणिसाव्या शतकांतील एक फ्रेंच वैद्य. त्यांनीं १८६० च्या दशकांत या रोगाचें सविस्तर वर्णन केलें म्हणून त्यांचें नांव त्यास मिळालें. रोगाचें मूळ कारण सांपडावयास मात्र आणखी सवाशें वर्षें लागलीं. १९८६–८७ सालीं असें सिद्ध झालें कीं, स्नायूंच्या पेशींना बळकटी देणारें 'डिस्ट्रोफिन' नांवाचें एक द्रव्य शरीरांत तयार होत असतें आणि तें तयार करण्याची आज्ञा ज्या जनुकांत असते तो बिघडला कीं हें द्रव्य होत नाहीं. मग प्रत्येक हालचालीबरोबर स्नायु झिजत जातो आणि झिजलेला भाग पुन्हां भरून येत नाहीं. हा जनुक 'एक्स' या गुणसूत्रावर असतो. मुलींना अशीं दोन गुणसूत्रें असतात. एक बिघडलें तरी दुसरें बहुधा सांभाळून घेतें. मुलग्याला एकच, आणि तें आईकडून आलेलें. त्यामुळें हा रोग जवळजवळ मुलग्यांनाच होतो. साडेतीन ते पांच हजार मुलग्यांमागें एकाला तो होतो, असें वैद्यकीय ग्रंथांत सांगितलेलें असतें.

एक गोष्ट गृहिणींसाठीं मुद्दाम सांगितली पाहिजे. दोष आईकडून येतो एवढें ऐकून पुष्कळ घरांत सुनेला बोल लावतात. हें अज्ञान आहे आणि क्रौर्यहि आहे. सुमारें एकतृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेंच उत्पन्न झालेला असतो. आईच्या घराण्यांत त्याचा मागमूसहि नसतो. आणि असला तरी त्यांत तिचा काय अपराध? डोळ्यांचा रंग ज्याप्रमाणें कोणी निवडून घेत नाहीं, त्याप्रमाणें हेंहि कोणी निवडीत नाहीं. त्यापेक्षां लक्षणांकडे लक्ष द्यावें. तीन-चार वर्षांचा मुलगा जिना चढतांना अडखळत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, जमिनीवरून उठतांना हात आधीं गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर टेकीत, जणूं स्वतःच्याच अंगावर चढत तो उभा राहत असेल, तर "आळशी आहे" म्हणून त्याला रागें भरूं नये, डॉक्टरकडे न्यावें. रक्ताच्या साध्या तपासणींतहि या रोगाचा सुगावा लागतो. रोग समूळ बरा करणारा उपाय अजून हातीं आलेला नाहीं. परंतु औषधें, व्यायामोपचार आणि श्वासाला साह्य करणारीं यंत्रें यांनीं आयुष्य वाढतें आणि सुसह्य होतें.

मात्सचे आईबाप हें सर्व शिकले. सुमारें बाराव्या वर्षापर्यंत पाय जातात, मग हात, आणि शेवटीं हृदय व छातीचे स्नायु. मुलगा विशी ओलांडील ही आशा त्यांनीं धरली नव्हती. डॉक्टरांच्या तोंडून हें ऐकून घरीं परत येणाऱ्या आईबापांच्या मनाची स्थिति काय झाली असेल, ती वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं.

मैदानाच्या कडेला

शाळेंत आयुष्य काढलेल्या माणसाला एक देखावा परिचयाचा असतो. मधली सुटी होते, सारा वर्ग मैदानावर सुटतो, आणि एखादें मूल कडेला राहतें. कोणी त्याला मुद्दाम टाळीत नाहीं. मुलें निष्ठुर नसतात. खेळाचा वेगच असा असतो कीं, ज्याला धांवतां येत नाहीं तो आपोआप मागें पडतो. मात्स चाकाच्या खुर्चींत बसून इतरांचा खेळ पाहूं लागला. घरीं आल्यावर सोबती नाहींत, आणि असले तरी त्यांच्या घरांना जिने.

तो अकरा वर्षांचा असतांना वडिलांनीं घरच्या संगणकाची परवलीची खूण त्याला देऊन टाकली. मुलाला थोडी करमणूक व्हावी एवढाच हेतु. पुढें शरीर जसजसें साथ सोडूं लागलें, तसतसा तो संगणकावरील खेळांत अधिक रमूं लागला. मोठा झाल्यावर घराच्या तळमजल्याशीं जोडलेल्या स्वतंत्र खोल्यांत तो राही. दिवसरात्र पाळीपाळीनें परिचारक असत. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत त्यानें पंधरा ते वीस हजार तास खेळांत घालविले, असा हिशेब पुढें निघाला. मनुष्य नोकरीवर जितका वेळ घालवितो जवळजवळ तितकाच हा वेळ झाला.

आईबापांना हें रुचत नसे, परंतु ते अडवीतहि नसत. दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होई. इतर कशांत तरी लक्ष घाल म्हणावें, तर दुसरें त्याला करतां येण्यासारखें होतें काय? तेव्हां ते गप्प बसत. त्यांच्या मनाला मात्र एक शल्य होतें, आणि तें रोगाच्या शल्याहून लहान नव्हतें. आपला मुलगा मैत्री म्हणजे काय हें न अनुभवतां जाणार. कोणाच्या आयुष्यांत त्याचा कांहीं उपयोग झाला असें न होतां जाणार, असें त्यांना वाटे. भिंतीपलीकडून बटणांचा आवाज येत असे. तो आवाज त्यांना एकान्ताचा वाटे.

खेळाचें जग

त्या भिंतीपलीकडे काय चाललें होतें, हें समजण्यासाठीं खेळाचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नांवाचा हा खेळ एका अमेरिकन कंपनीनें नोव्हेंबर २००४ मध्यें बाजारांत आणिला आणि दुसऱ्या वर्षीं फेब्रुवारींत तो युरोपांत आला. २०१० सालीं त्याच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटि वीस लाखांवर गेली होती. सोंगट्या-पत्त्यांप्रमाणें यांत डाव मांडावा आणि मोडावा असें नसतें. अरण्यें, नगरें, पर्वत, समुद्र असलेलें एक कल्पित जग तेथें अखंड चालूं असतें. खेळणारानें आपल्यासाठीं एक रूप घ्यावें, त्याला नांव द्यावें, आणि त्या जगांत हिंडावें. त्याच वेळीं निरनिराळ्या देशांतील हजारों माणसें आपापल्या रूपांनीं तेथें हिंडत असतात. त्यांच्याशीं अक्षरें टंकून बोलतां येतें.

बहुतेक लोक लढाया करण्यासाठीं खेळतात. परंतु कांहींजणांना लढाईपेक्षां भूमिका वठविण्यांत गोडी वाटते. नाटकमंडळींतील नटाप्रमाणें ते आपल्या पात्राच्या तोंडून बोलतात; भेद इतकाच कीं, येथें संहिता नसते, प्रेक्षक नसतात आणि पडदा पडत नाहीं. अशा खेळाडूंच्या मंडळ्या असतात, त्यांना 'गिल्ड' म्हणतात. मात्स ज्या मंडळींत होता तिचें नांव 'स्टारलाइट'. सभासद सुमारें तीस. आंत येण्यासाठीं कोणाची तरी शिफारस लागे आणि कांहीं काळ उमेदवारी करावी लागे. म्हणजे हा रस्त्यावरचा जमाव नव्हता. आपल्या गांवांतील एखाद्या जुन्या गायनसमाजासारखी किंवा बुद्धिबळ-मंडळासारखी ती निवडक माणसांची बैठक होती. फक्त ती भरे कल्पित नगरांत, आणि बैठकीला येणारे कोणी डेन्मार्कमध्यें असत, कोणी नेदरलँड्समध्यें, कोणी फिनलंडमध्यें तर कोणी इंग्लंडांत.

तेथें मात्सचें नांव 'आयबेलिन' होतें. रुंद खांद्यांचा, तांबूस केसांचा, बोलण्यांत चतुर असा हा गृहस्थ व्यवसायानें गुप्त हेर. खेळांत आल्यावर आयबेलिन प्रथम आपल्या ठरलेल्या वाटेनें धांवत एक फेरी घेई. मंडळींना ही त्याची एक लकब वाटे. ज्याच्या पायांत बळ नव्हतें त्याला धांवण्याची हौस होती, हें त्यांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें.

उपयोगी पडण्याचें सुख

नेदरलँड्समधील एक किशोरवयीन मुलगी या मंडळींत होती. खेळांतच त्या दोघांची ओळख होऊन स्नेह जुळला. पुढें तिच्या अभ्यासावर परिणाम होतो असें पाहून तिच्या आईबापांनीं तिचा संगणक काढून घेतला. सोबती एकाएकीं तुटले, आणि मुलगी खिन्न झाली. मात्सला हें समजलें तेव्हां त्यानें तिच्या आईबापांना एक पत्र लिहिलें. मुलीला खेळाची परवानगी द्या एवढेंच त्यांत नव्हतें. अभ्यास आणि खेळ यांचा मेळ कसा घालावा, आणि या मैत्रीचें तिला मोल किती आहे, हें त्यानें शांतपणें मांडलें होतें. एका परक्या देशांतील, कधींहि न पाहिलेल्या तरुणाचें असें पत्र येणें ही साधी गोष्ट नव्हती. त्या मुलीनें तें पत्र पुढें जपून ठेविलें.

डेन्मार्कमधील एक आई आणि तिचा मुलगा हे दोघेहि या मंडळींत होते. मुलगा आत्ममग्न स्वभावाचा. माणसांत मिसळणें त्याला कठीण जाई, आणि आईलाहि त्याच्याशीं जवळीक साधतां येईना. मात्सनें तिला सुचविलें कीं, घरांत बोलणें जमत नसेल तर खेळांत त्याच्याशीं बोलून पाहा. तो तेथें मोकळा असतो. आईनें तसें केलें. तेथें जुळलेला धागा पुढें घरांतहि आला.

असे प्रसंग एक-दोन नव्हते. ज्याला स्वतःचा पेला उचलतां येत नव्हता, तो सगळ्या युरोपांतील माणसांचीं गाऱ्हाणीं ऐकत होता आणि त्यांना धीर देत होता. रोग्याची सेवा हें पुण्यकर्म आहे, हें आपणांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. परंतु सेवेची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतों. जो वर्षानुवर्षें अंथरुणावर आहे त्याला सतत घ्यावेंच लागतें. पाणी घ्यावें, औषध घ्यावें, दुसऱ्याचा वेळ घ्यावा, आणि प्रत्येक वेळीं कृतज्ञ दिसावें. कोणी त्याच्याकडे कांहीं मागत नाहीं. ही दया त्याला हळूंहळूं खाऊन टाकते. 'स्टारलाइट' मंडळींनीं मात्सला जें दिलें तें औषधाहून निराळें होतें. त्यांनीं त्याच्याकडे मागितलें: सल्ला मागितला, सोबत मागितली, कधीं नुसता वेळ मागितला. आपण एका रोग्याला आधार देत आहों हें त्यांना ठाऊकहि नव्हतें, आणि म्हणूनच तो आधार त्याला ओझें वाटला नाहीं.

कारण मात्सनें आपलें आजारपण त्यांच्यापासून लपवून ठेविलें होतें. मंडळींतील लोक एकमेकांना प्रत्यक्ष भेटत. तो जात नसे. ध्वनियंत्रावरून बोलण्याचा किंवा छायाचित्र दाखविण्याचा प्रसंग आला कीं कांहींतरी सबब सांगे. रोग सांगितला कीं आपण पुन्हां खुर्चींतला मुलगा होऊं, ही त्याला धास्ती. ही लपवालपवी फुकट गेली नाहीं. तिची किंमत त्याला मोजावी लागली. शेवटच्या वर्षांत प्रकृति ढासळत चालली, तसा त्याचा स्वभावहि कडवट होऊं लागला. सोबत्यांना तो टाकून बोले, कांहींजणांचीं मनें दुखावलीं. तो असा कां वागतो याचें कारण न कळल्यामुळें त्यांना राग येई, आणि तो त्यांनीं बोलूनहि दाखविला. चांगल्या मित्रांनीं असेंच करावें. हकीकत सांगणाऱ्यांनीं हा भाग झांकून ठेविला नाहीं, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. दोष वगळून उरतो तो पुतळा, माणूस नव्हे.

अखेरीस मात्सनें एका सोबत्यापाशीं आपलें गुपित उघड केलें, आणि २०१३ सालीं आंतरजालावर आपलीं मनोगतें लिहावयास आरंभ केला. रोगाची हकीकत त्यांत होती, आणि खेळाच्या जगांत आपल्या बेड्या कशा गळून पडतात हेंहि होतें. तीं वाचून मंडळींतील लोक चकित झाले. परंतु त्यांचें वागणें बदललें नाहीं. मैत्री आधीं जुळली होती आणि रोग मागाहून कळला होता. हा क्रम उलटा असता तर तेंच घडलें असतें काय, हा प्रश्न वाचकांनीं स्वतःच्या मनाला विचारावा.

शेवट आणि शोध

१८ नोव्हेंबर २०१४ रोजीं मात्स वारला. वय अवघें पंचवीस वर्षांचें. आईबापांच्या मनाची तयारी वीस वर्षें चालली होती, तरी असल्या घावाला तयारी पुरत नाहीं. मुलाच्या मनोगतांच्या पानाची परवलीची खूण वडिलांपाशीं होती. जे कोणी तें वाचीत असतील त्यांना कळावें म्हणून त्यांनीं तेथें मुलाच्या मृत्यूची वार्ता लिहिली आणि खालीं आपला पत्ता दिला. चार-दोन शब्द आले तर येतील, एवढीच अपेक्षा.

पत्रें येऊं लागलीं, आणि येतच राहिलीं. निरनिराळ्या देशांतून, अनोळखी माणसांकडून, पानेंच्या पानें. कोणी लिहिलें, माझ्या पडत्या काळांत यानें मला हात दिला. कोणी लिहिलें, माझ्या मुलाला आणि मला यानें जवळ आणिलें. कोणी त्याला मात्स म्हणे, कोणी आयबेलिन. त्रुदे, रॉबर्ट आणि मात्सची बहीण मिया तीं पत्रें वाचीत बसलीं. ज्या मुलाला मित्र नाहींत म्हणून तीं इतकीं वर्षें मनांत झुरलीं, त्याचा एवढा मोठा गोतावळा त्यांच्या दाराशीं उभा होता. रॉबर्ट स्टीन हे सामान्य गृहस्थ नव्हेत. ऑस्लो नगराच्या राज्यकारभारांत पुढें ते प्रथम अर्थखात्याचे आणि नंतर आरोग्यखात्याचे प्रमुख झाले. हिशेब जाणणाऱ्या या माणसाला आपल्याच घरांतील एवढी मोठी ठेव आयुष्यभर दिसली नव्हती.

अंत्यविधीला निरनिराळ्या देशांतून मंडळींतील पांच जण आले. मात्सला त्यांनीं तोंवर पाहिलेलें नव्हतें. मंडळींच्या पुढाऱ्यानें तेथें भाषण केलें. आपण येथें जमलों आहों त्याच वेळीं नेदरलँड्समधील एका शाळेच्या वर्गांत, आयर्लंडमधील एका कचेरींत, स्वीडनमधील एका ग्रंथालयांत मात्ससाठीं मेणबत्ती तेवते आहे, असें तो म्हणाला. आणि ज्या जगांत आपली त्याच्याशीं ओळख झाली तेथें कोणाचें शरीर कसें आहे याला कांहींच महत्त्व नव्हतें, असेंहि त्यानें सांगितलें. सनातन काळापासून बांधवाची पारख स्मशानांत होते असें आपण मानत आलों. त्या कसोटीला हे लोक उतरले, हें कोणत्याहि धर्मशास्त्र्याला मान्य करावें लागेल.

२०१९ सालीं नॉर्वेच्या आकाशवाणी-संस्थेनें ही हकीकत प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ बी.बी.सी.नेंहि ती छापली. बेंजामिन री या दिग्दर्शकानें तिच्यावर चित्रपट काढला. खेळांतील संभाषणांची नोंद एका सभासदानें जपून ठेविली होती. ती छापली तर बेचाळीस हजार पृष्ठें भरतील, इतकी मोठी. तिच्याच आधारें मात्सचें त्या जगांतील आयुष्य चित्रपटांत पुन्हां उभें केलें आहे. जानेवारी २०२४ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत त्याला दिग्दर्शनाचें आणि प्रेक्षकांच्या पसंतीचें अशीं दोन पारितोषिकें मिळालीं. इकडे 'स्टारलाइट' मंडळी दरवर्षीं मात्सच्या स्मरणार्थ खेळाच्या जगांत एकत्र येत असते. वर्षश्राद्धाला आपण जें करतों त्याहून हें फार निराळें आहे, असें म्हणवत नाहीं.

दुसरी बाजू

एवढें वाचून कोणी असा अर्थ काढूं नये कीं, मुलांनीं रात्रंदिवस खेळांत बुडून जावें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगसूचींत खेळाच्या व्यसनाला विकृति म्हणून स्थान दिलें आहे, आणि ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आहे. तिच्यांत सांगितलेलीं लक्षणें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत: खेळावर ताबा न उरणें, जेवणखाण, अभ्यास, आप्तस्वकीय यांपेक्षां खेळाला मोठें मानणें, नुकसान दिसत असूनहि तो न सोडणें, आणि ही स्थिति साधारणतः वर्षभर टिकणें. शिवाय मुखवट्याआड लबाडहि लपतो. पैशाची मागणी करणारा, मुलींचीं छायाचित्रें मागणारा, आईबापांपासून गोष्टी लपवावयास सांगणारा कोणीहि सुहृद् नव्हे. त्याची वार्ता ताबडतोब घरांत आणि गरज पडल्यास पोलिसांकडे गेली पाहिजे.

परंतु तासांच्या मोजणीनें सारें कळतें, असेंहि नाहीं. धडधाकट मुलगा मैदान सोडून दहा तास बसतो, तेव्हां खेळ त्याचें जीवन हिरावून घेत असतो. मात्सचें मैदान रोगानें आधींच हिरावून घेतलें होतें. खेळानें त्याला त्यांतलें कांहीं परत दिलें. म्हणून "किती वेळ खेळतोस?" या प्रश्नाबरोबर "कोणाबरोबर खेळतोस आणि तेथें काय करतोस?" हाहि प्रश्न घरांत विचारला जावा. फौजदारानें विचारावा तसा नव्हे. नवीन शेजाऱ्याची चौकशी करावी तसा. स्टीन दांपत्यानें मुलावर माया करण्यांत कांहीं उणें ठेविलें नाहीं. फक्त त्याच्या खेळाच्या जगांत डोकावून पाहणें त्यांच्याकडून राहून गेलें, आणि तें त्यांनींच पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे.

ज्या घरांत दीर्घकाळचें आजारपण आहे त्या घराला या हकीकतींतून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रोग्याची सेवा करावी, परंतु त्याच्याकडून कांहीं मागावेंहि. आजीला दृष्टि आहे पण चालतां येत नाहीं, तर नातीचें शुद्धलेखन तिनें तपासावें. काकांचे हात थरथरतात पण स्मरण शाबूत आहे, तर घरच्या जुन्या हकीकती त्यांना विचारून कोणी उतरून घ्याव्यात. ज्याला बुद्धिबळाचा नाद आहे त्याला दूरच्या खेळाडूशीं डाव मांडून द्यावा. ज्याला गाण्याचा आहे त्याला समानशील श्रोत्यांशीं जोडून द्यावें. हीं कामें खोटीं, मन रमविण्यापुरतीं असूं नयेत. रोग्याला तेवढें कळतें. त्याच्यावांचून अडेल असें थोडें तरी काम त्याच्याकडे असावें.

शेवटची गोष्ट अगदीं व्यवहाराची आहे, आणि ती तरुणांना जितकी लागू आहे तितकीच आम्हां वृद्धांनाहि. रॉबर्ट स्टीन यांच्यापाशीं ती परवलीची खूण नसती, तर काय झालें असतें? मित्र कांहीं दिवस वाट पाहत राहिले असते, मग आयबेलिन खेळ सोडून गेला असें समजून गप्प बसले असते. आणि आईबाप आपला मुलगा एकाकी गेला या समजुतींतच आपलें उरलेलें आयुष्य काढते. दोन्हीकडचीं माणसें एकमेकांपासून एका शब्दाच्या अंतरावर होतीं. आपण मृत्युपत्र करतों, त्यांत घरदार, दागिने, ठेवी यांची व्यवस्था लावतों. त्याच पाकिटांत एक निराळा कागद घालावा. आपल्यामागें कोणाकोणाला कळवावयाचें, त्यांचीं नांवें आणि पत्ते त्यावर लिहावेत, आणि तो कोठें आहे हें घरांतील एकाला तरी सांगून ठेवावें. त्या यादींत आपण कधींहि न पाहिलेलीं माणसें निघालीं, तर तीं परकीं म्हणून गाळूं नयेत.